आरशातल्या चाचण्या

मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नव्याने आलेल्या मुलाने किंवा मुलीने पहिला पीआर टाकला की रिव्ह्यूत एक शेरा ठरलेला असतो: "या क्लासची टेस्ट फाइल कुठे आहे?" शेरा मारणारा काही वाईट माणूस नसतो. त्यालाही त्याच्या सीनियरने कधीतरी हेच विचारलेलं असतं. इन्व्हॉइससर्व्हिस नावाचा क्लास असेल तर इन्व्हॉइससर्व्हिसटेस्ट नावाचा क्लास हवाच, तोही त्याच पॅकेजात, फक्त 'मेन' फोल्डरऐवजी 'टेस्ट' फोल्डरखाली. डावीकडे कोडचं झाड, उजवीकडे त्याचं आरशातलं प्रतिबिंब, फांदीला फांदी आणि पानाला पान. कित्येक वर्षं मीही हा शेरा मारत होतो. आता मारत नाही.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्याच बाजूने उभं राहून मांडावा, असा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. तो पाळायचा तर आरशाच्या बाजूने बरंच बोलता येतं. टेस्ट कुठे ठेवायची यावर कुणालाही डोकं चालवावं लागत नाही. चाळीस माणसांच्या टीममध्ये जो प्रश्न कुणाला पडतच नाही तो सुटलेलाच म्हणायचा, आणि हा फायदा लहान नाही. आयडीईत एक कळ दाबली की क्लासवरून टेस्टवर आणि टेस्टवरून क्लासवर उडी मारता येते. कुठल्या क्लासला टेस्ट नाही ते फोल्डर उघडताच दिसतं. जावामध्ये तर टेस्ट त्याच पॅकेजात असल्यामुळे बाहेरच्यांना न दिसणाऱ्या मेथडही तिला हाताळता येतात. शिवाय प्रत्येक टेस्ट एकाच क्लासची आणि त्या क्लासच्या सोबत्यांच्या जागी मॉक बसवलेले, म्हणजे टेस्ट लाल झाली की चोर कोण ते लगेच कळतं. या मताचं थोडक्यात म्हणणं असं: युनिट म्हणजे क्लास, आणि युनिट टेस्टची मांडणी म्हणजे क्लासची मांडणी.

हे मत इतकं रुजलंय की ते मूळ शास्त्रातच असावं असं वाटतं. तिथूनच सुरुवात करू.

केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी टेस्टची एक छोटी चौकट मांडली. पुढे १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून बेक आणि एरिक गामा यांनी तिचंच जावा रूप लिहिलं, ते जेयुनिट. आज जवळपास प्रत्येक भाषेत जेयुनिटचं एखादं भावंड आहे. या मूळ मांडणीत टेस्टचा एक क्लास कशाभोवती उभा राहतो? फिक्स्चरभोवती, म्हणजे टेस्टआधी करून ठेवायच्या तयारीभोवती. ज्या टेस्टना सारखीच तयारी लागते त्या एका क्लासात. म्हणून तर सेटअप नावाची मेथड तिथे आली. रिकाम्या कार्टच्या टेस्ट एकीकडे, तीन वस्तू भरलेल्या कार्टच्या दुसरीकडे, मग कार्ट नावाचा क्लास एकच का असेना. जेरार्ड मेसारोस यांनी २००७ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात टेस्ट मांडण्याचे तीन प्रकार नावानिशी दिले आहेत: क्लासागणिक, वैशिष्ट्यागणिक आणि फिक्स्चरगणिक. तिन्ही शेजारी शेजारी आहेत. त्यातला पहिला तेवढा लोकांनी उचलला आणि उरलेले दोन पुस्तकातच राहिले.

मग आरसा आला कुठून? माझ्या मते अवजारांच्या सोयीतून. जावाच्या मेव्हन या बिल्ड साधनाने मूळ कोड आणि टेस्ट यांची दोन वेगळी झाडं ठरवून दिली, म्हणजे गिऱ्हाइकाला जाणाऱ्या जारमध्ये टेस्टचा कोड जाणार नाही. मेव्हनमध्ये टेस्ट चालवणारं शुअरफायर मुळात नावाच्या आगेमागे 'टेस्ट' हा शब्द आहे का तेवढंच बघतं. त्या नावाचा क्लास पलीकडच्या झाडात आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पॅकेज सारखं ठेवण्याचं कारण वर आलंच, न दिसणाऱ्या मेथड दिसाव्यात म्हणून. अशा दोन सोयी एकत्र आल्या, त्यांची रूढी झाली, आणि पुढे रूढीलाच लोक शास्त्र म्हणू लागले.

'आयसोलेशन' या शब्दाचीही तीच गत. बेक यांच्या लेखी टेस्ट एकमेकींपासून अलग हव्यात: एकीने मागे सोडलेल्या कचऱ्यावर दुसरी घसरू नये, आणि कुठल्याही क्रमाने चालवल्या तरी निकाल तोच यावा. क्लास त्याच्या सोबत्यांपासून तोडून काचेच्या पेटीत ठेवा, असं त्यात कुठेच नाही. मॉकची कल्पना २००० मध्ये टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी मांडली, आणि तिच्यामागचा हेतूही वेगळाच होता. कुठल्या ऑब्जेक्टने कुणाला काय सांगायचं, हे ठरवता ठरवता डिझाइन उलगडावं यासाठी ती होती. त्याच गोटातल्या २००४ च्या निबंधाच्या शीर्षकातच बजावलंय की मॉक भूमिकांचे करा, ऑब्जेक्टचे नव्हे. शीर्षक कुणी वाचलं नाही. मॉकचं अवजार मात्र सगळ्यांनी उचललं.

अर्थात एखादी गोष्ट मूळ ग्रंथात नाही एवढ्याने ती चुकीची ठरत नाही. आपल्या घरात मूळ ग्रंथात नसलेल्या कितीतरी चांगल्या गोष्टी आहेत. तेव्हा आता व्यवहाराकडे येतो.

एका बिलिंगच्या उत्पादनावर मी काम करत होतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. तिथे सवलत काढणारा एक क्लास, कर काढणारा दुसरा आणि दोघांना कामाला लावून बिल बनवणारा तिसरा. तिघांच्याही टेस्ट फाइल आरशात जागच्या जागी, कव्हरेजचा आकडा बघून साहेब खूश. कायदा असा की बिलावरच दाखवलेली सवलत करपात्र मूल्यातून वजा होते. म्हणजे १,००० रुपयांच्या मालावर १०० रुपये सूट दिली तर १८ टक्के जीएसटी ९०० वर, १६२ रुपये. बिल १,०६२ चं. एके दिवशी कुणीतरी बिलाच्या क्लासात साफसफाई केली आणि त्या भरात कर काढणाऱ्याकडे निव्वळ रकमेऐवजी मूळ रक्कम जाऊ लागली. कर १८० झाला, बिल १,०८० चं. टेस्ट? सगळ्या हिरव्या. सवलतीची टेस्ट हिरवी, कारण सवलत बरोबरच होती. कराची हिरवी, कारण १,००० वर १८ टक्के म्हणजे १८०, हेही बरोबरच. आणि बिलाच्या टेस्टमध्ये कराच्या जागी बसलेला मॉक, कुठलीही रक्कम दिली तरी '१६२' एवढंच म्हणणारा पोपट. त्यामुळे बेरीज १,०६२ च येत राहिली. चूक आम्हाला एका दुकानदाराने फोनवर सांगितली. १८ रुपयांसाठी तो चिडला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

चूक तीनपैकी कुठल्याच क्लासाच्या स्वतःच्या हिशोबात नव्हती, ती दोन क्लासांच्या मधल्या जागेत होती. आरशात मधल्या जागेचं प्रतिबिंब पडत नाही, कारण तिथे फाइलच नसते. "सूट दिलेल्या बिलावर कर निव्वळ रकमेवर लागतो" हे वाक्य दुकानदाराला कळतं, सीएला कळतं, आमच्या प्रॉडक्टवालीलाही कळतं. पण आमच्या शेकडो टेस्ट फाइलींत या वाक्याला राहायला घर नव्हतं. तेव्हा फोल्डर उघडताच काय तपासायचं राहिलं ते दिसतं, हा पूर्वपक्षाचा दावा इथेच कोसळतो. दिसतं ते फाइल आहे की नाही एवढंच.

गोष्टीचा उत्तरार्ध जास्त बोलका आहे. त्या घोळानंतर आम्ही सवलत आणि कर एकाच क्लासात आणायचं ठरवलं, कारण दोघांना एकमेकांशिवाय अर्थ नव्हता. सीनियर म्हणून मी एका मुलीला ते काम दिलं. संध्याकाळी ती आली: "सर, कोड तासाभरात झाला. पण चाळीसच्या वर टेस्ट लाल आहेत, आणि एकही बिल चुकत नाहीये." दोन दिवस ती टेस्टच दुरुस्त करत बसली. टेस्टचा मूळ वायदा असा की त्या पाठीशी असल्या तर कोड बेधडक बदलता येतो. इथे उलटं झालं होतं. बिल चुकलं तेव्हा टेस्ट गप्प राहिल्या आणि बिल बरोबर असताना ओरडल्या. असा राखणदार कोण ठेवेल?

याचं कारण डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्येच सांगून ठेवलंय, तेही टेस्टविषयी न बोलता. प्रणालीचे भाग पाडायचे ते कामाच्या पायऱ्यांवरून नव्हे, तर जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेका भागात लपेल अशा बेताने, असं त्यांचं म्हणणं. आतल्या कामाची क्लासांत कशी वाटणी केली हा असाच बदलता निर्णय. तो आत लपवायचा, बाहेर फक्त करार दाखवायचा. आणि आपण करतो काय, तर हा लपवलेला निर्णय टेस्टच्या झाडात जसाच्या तसा उतरवून काढतो. मग क्लास फोडा, जोडा, नाव बदला, प्रत्येक वेळी दोन झाडं हलवावी लागतात. टेस्टचं काम कराराला धरून राहण्याचं. आरशातली टेस्ट आतल्या भिंती धरून बसते.

आता दुसरं टोक बघू. गिट हे साधन आपण सगळेच दिवसभर वापरतो, पण त्याचं टेस्टचं फोल्डर उघडून पाहणारे थोडे. 'टी' एवढंच त्याचं नाव. आत शेकडो शेल स्क्रिप्ट, प्रत्येकीच्या नावाच्या सुरुवातीला टी आणि चार आकडी क्रमांक. पहिला आकडा घराणं सांगतो: ० म्हणजे अगदी पायाभूत गोष्टी, १ म्हणजे डेटाबेसशी संबंधित कमांड, २ म्हणजे वर्किंग ट्रीच्या, ४ म्हणजे डिफच्या, ५ म्हणजे पुल आणि बाहेर पाठवणाऱ्या, आणि असं ९ पर्यंत. पुढे कमांडचं नाव आणि तिचा कुठला पैलू तपासला जातोय ते. फाइल उघडली की आत वाक्यं. प्रत्येक टेस्टला एक वर्णन आणि त्याखाली त्या कमांडी, ज्या तुम्ही आम्ही टर्मिनलवर मारतो. सी भाषेतल्या कुठल्या फाइलीत ते काम होतं याचा पत्ता या नावांतून लागत नाही.

याचं फळ काय? गिट स्टॅश २००७ मध्ये शेल स्क्रिप्ट म्हणून आलं. जून २०१९ मधल्या २.२२ आवृत्तीत ते सीमध्ये नव्याने लिहून आलं. भाषा बदलली, फाइली बदलल्या, आतली सगळी रचना बदलली. टी३९०३-स्टॅश ही टेस्ट फाइल मात्र त्याच नावाने, त्याच जागी राहिली. इंटरॅक्टिव्ह ॲडची कथा याहून रंजक. ते मुळात पर्लमध्ये होतं. सीमधलं रूप तयार होत असताना एका एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने जुनं की नवं ते निवडता यायचं आणि त्याच टेस्ट दोघांवरही चालवता यायच्या. २०२२ मध्ये सीचं रूप डीफॉल्ट ठरलं, २०२३ मध्ये पर्लचं काढून टाकलं. टेस्ट आरशात बसवलेल्या असत्या तर पर्लच्या पर्लबरोबर गेल्या असत्या, आणि नव्या कोडला नेमकं हवं तेव्हा राखायला कुणीच नसतं.

इथे पूर्वपक्षी हात वर करतोच: "पण या युनिट टेस्ट नव्हेतच, इंटिग्रेशन टेस्ट आहेत!" आक्षेप रास्त आहे, आणि गिटवाल्यांनीही तो अंशतः मान्य केला. स्ट्रिंग साठवणाऱ्या एका छोट्या डेटा स्ट्रक्चरची तपासणी करायला शेलमधून दर वेळी वेगळी प्रोसेस उभी करणं महागात पडतं. म्हणून २०२३-२४ मध्ये त्यांनी सीमध्येच लिहिलेल्या युनिट टेस्टसाठी वेगळं फोल्डर काढलं. सुरुवातीलाच त्यात आली ती त्या स्ट्रिंग बफरची टेस्ट, आणि तिचं नाव चक्क मूळ फाइलीसारखंच. म्हणजे आरसाच ना? दिसायला हो. पण हा बफर सगळ्या प्रकल्पात जागोजागी वापरला जातो. त्याचं बाहेरून दिसणारं वागणं हाच बाकीच्या सगळ्यांशी केलेला करार आहे. करार आणि फाइल यांची सीमा तिथे एकच पडते, म्हणून टेस्टचं आणि कोडचं नाव जुळतं. करार जिथे असेल तिथे टेस्ट, हा माझा सिद्धान्त. कधी तो करार एका क्लासाचा असतो, कधी पाच क्लासांचा मिळून. आरसा या सिद्धान्ताचा एक विशेष प्रसंग आहे. त्याला सर्वसाधारण नियम करणं हीच चूक.

चोर लगेच सापडतो या मुद्द्याचं काय? पाच क्लास मिळून एक टेस्ट लाल झाली तर पाचांपैकी कोण? प्रश्न खरा, पण त्याची धार आता बोथट झाली आहे. टेस्ट सेकंदांत चालत असतील आणि दर छोट्या बदलानंतर चालवत असाल, तर चोर म्हणजे तुम्ही पाच मिनिटांपूर्वी लिहिलेली ओळ. फार उशिरा कळलं तरी गिटचं बायसेक्ट आहेच, हजार कमिटमधून दहाएक पायऱ्यांत दोषी कमिट काढून देतं. आणि वर सांगितलेल्या बिलाच्या घोळात तर चोर एका क्लासात नव्हताच, मग क्लासाकडे बोट दाखवणारी टेस्ट असून तरी काय करणार होती?

वेगाचा मुद्दा मात्र फोल्डरच्या डोक्यावर लादू नये. युनिटच्या टेस्ट एका झाडात, इंटिग्रेशनच्या दुसऱ्यात आणि एंड-टू-एंड तिसऱ्यात, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी दिसते. तिच्यामुळे एकाच कराराच्या टेस्ट तीन गावांत विखुरतात. गूगलने 'युनिट'च्या व्याख्येचा वाद बाजूला ठेवून टेस्टना आकार दिले: स्मॉल, मीडियम, लार्ज. टेस्ट किती साधनं वापरते यावर आकार ठरतो, कुठल्या क्लासची आहे यावर नव्हे. त्यांच्या बेझेल या बिल्ड साधनात आकारावरून मुदतही ठरते: स्मॉलला ६० सेकंद, मीडियमला ३००, लार्जला ९००. जेयुनिट ५ मध्ये तेच काम टॅग करतो. वेग टॅगवर ठेवा, म्हणजे फोल्डर विषयासाठी मोकळं राहतं.

आता आरशाच्या बाजूचा सर्वात जड आक्षेप. तो मी कधी हलका मानला नाही. आरशात निर्णय नसतो. वागणुकीनुसार मांडणीत तो दर वेळी घ्यावा लागतो. "सूट दिलेल्या बिलावरचा कर" ही टेस्ट सवलतीत ठेवायची की करात? एक जण इकडे ठेवील, दुसरी तिकडे, तिसऱ्याला दोन्ही सापडणार नाहीत आणि तो तीच टेस्ट तिसऱ्यांदा लिहील. हे होतं, मी पाहिलंय. पण त्यावरचा उपाय म्हणून विचार करणंच टाळायचं हे मला पटत नाही. गिटचा उपाय साधा आहे: घराणी मोजकी दहा, नावं वापरणाऱ्याच्या तोंडची, आणि नियम एका रीडमी फाइलीत लिहून ठेवलेले. तरी माणसं चुकतातच, म्हणून दोन फाइलींना एकच क्रमांक दिला गेला तर ओरडणारी तपासणीही त्यांनी मेकफाइलमध्ये घालून ठेवली आहे. आमच्या बिलिंगमध्ये आम्ही शेवटी दुकानदाराची भाषा घेतली: बिल, परतावा, उधारी, महिनाअखेर. मधला करार कुठे ठेवायचा यावर वाद झालाच तर नियम एकच, दुकानदार ज्या कागदाविषयी फोन करील त्या कागदाच्या फोल्डरात. वाद मिटायला दोन मिनिटं लागायची. तेवढी लागली तर लागू देत.

शेजार आणि आरसा यांतही गल्लत नको. गो भाषेत टेस्ट फाइल कोडच्या शेजारीच, त्याच फोल्डरात असते, आणि ते मला आवडतं. पण तिथे टेस्टला पॅकेजच्या बाहेरून, परक्यासारखं आत बघण्याचीही सोय दिली आहे: पॅकेजच्या नावापुढे 'टेस्ट' जोडायचं की फक्त बाहेरचा दरवाजा दिसतो. फोल्डर जवळ असावं, नजर बाहेरची असावी. मोठ्या प्रकल्पात वरची वाटणी मॉड्यूल आणि टीमप्रमाणेच राहणार, बिल्डला ती लागते. माझं भांडण मॉड्यूलच्या आत, क्लास मोजून फाइली मोजण्याशी आहे.

कुणी हे वाचून उद्या सकाळी सगळं टेस्टचं झाड उपटायला घेणार असेल तर कृपया घेऊ नका. एका रात्रीत हलवलेली हजार टेस्टची फाइल रिव्ह्यूत कुणी वाचत नाही. क्लास फोडाल तेव्हा टेस्ट फोडू नका, तिला कराराचं नाव द्या आणि तिथेच राहू द्या. मॉक नेटवर्कच्या, घड्याळाच्या, पेमेंट गेटवेच्या जागी ठेवा. स्वतःच्याच दोन क्लासांच्या मध्ये असेल तर काढून बघा, टेस्ट तरीही चालते का. आणि टेस्टचं नाव वाक्य असू द्या. जेयुनिट ५ मध्ये दाखवायचं नाव कुठल्याही लिपीत देता येतं. "बिलावरची सूट करपात्र रकमेतून आधी वजा होते" हे आमच्या एका टेस्टचं नाव आहे, देवनागरीत. ती लाल झाली तर प्रॉडक्टवालीही वाचून सांगते काय बिघडलं.

पुढच्या वेळी एखादा क्लास फोडून दोन कराल तेव्हा किती टेस्ट लाल झाल्या ते मोजा. मग त्यातल्या किती चुका दुकानदाराने फोन करून सांगितल्या असत्या, तेही मोजा.